मुलांसाठी वर्षभराची गिफ्ट्स: काय देता आणि कसं ठरवता?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय. आमच्या घरात आणि मित्रमंडळींत मिळून मुलांची भलीमोठी फौज आहे, मांडीवरच्या बाळापासून ते मिसरूड फुटायला लागलेल्या भाच्यापर्यंत. वाढदिवस तर आहेतच, शिवाय सण, नवीन वर्ष, शाळा सुरू झाली, निकाल लागला, कोणाला भावंड झालं, कोणी घर बदललं, कोणी आजारी आहे, आणि नुसतं कोणाकडे राहायला गेलो तरी पोरं आधी पिशवीकडेच बघतात ना. दर वेळी आदल्या संध्याकाळी धावपळ, समोर दिसेल ते उचला आणि चकचकीत कागदात गुंडाळा, असं चालू आहे आणि त्याचा कंटाळा आलाय. यंदा वर्षाचा काहीतरी प्लॅन करायचा म्हणतेय. तुम्ही कसं ठरवता? प्रत्येक प्रसंगाला मोठं गिफ्ट द्यायचं का? आईबाबांना आधी विचारता की सरप्राइज? आणि दोन भावंडं असतील तर दुसऱ्याला पण काहीतरी न्यायचं का? मोकळेपणाने लिहा.

अर्धवट_रिकामा:
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे हे खातं बायको बघते, मी फक्त गुंडाळतो.

उनाडपाऊस:
मस्त धागा. मी फोनमध्ये प्रत्येक मुलाच्या नावाची एक नोट ठेवलीये आणि वर्षभर कानावर पडेल ते त्यात टाकत राहते. म्हणजे भाची सध्या गोगलगायी गोळा करतेय, हिला चित्रं काढायला आवडत नाही पण कापाकापी आवडते, याचे बूट घट्ट झालेत असं वहिनी म्हणत होती, असं काहीही. मग प्रसंग आला की दुकानात जाऊन डोकं खाजवायला लागत नाही, नोट उघडायची. गोगलगायवालीला मी झाकणात भिंग असलेली बरणी दिली होती, ती वाढदिवसाला पण नाही, असंच सहज भेटायला गेले तेव्हा, आणि त्या बरणीने जेवढा आनंद दिला तेवढा तिच्या वाढदिवसाच्या ढिगातल्या कशानेच दिला नाही असं तिची आई सांगत होती. म्हणून माझं मत असं की मोठं गिफ्ट मुद्दाम प्रसंग नसताना द्यावं आणि गर्दीच्या दिवशी छोटंसं. वाढदिवसाला तुमच्या खोक्याकडे बघायला त्या मुलाला वेळच नसतो हो.

आणि आईबाबांना विचारायचंच. सरप्राइज मुलाला असतं, आईबाबांना नाही.

काटकोन:
वरच्या शेवटच्या वाक्याला +१.

मी जरा सेफ्टीचं लिहितो, कंटाळवाणं वाटलं तरी वाचा. खेळण्यावर बाळाचा चेहरा आणि ०-३ असं लिहून त्यावर लाल काट मारलेलं गोल चिन्ह असतं, ते बघून लोक म्हणतात की आमचा पिंट्या हुशार आहे, त्याला चालेल. अरे बाबांनो, ते हुशारीबद्दल नाहीये! त्याचा अर्थ यात असे छोटे भाग आहेत की तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. पिंट्या कितीही हुशार असला तरी वस्तू तोंडात घालणारच. तपासणीसाठी जो प्रमाणित सिलिंडर वापरतात त्याचा व्यास ३१.७ मिमी असतो, त्यात मावलेला तुकडा म्हणजे धोक्याचा. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी मोठी असते, म्हणजे आपण जरा जास्तच सावध राहतो, चांगलंच आहे. नळीतून जे आरपार गेलं ते लहान बाळाला नको.

दुसरं, बटण सेल. हे सगळ्यात वाईट. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, आणि मूल सुरुवातीला नुसतं कुरकुर करतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते बघूनच घ्या. आणि उघडल्यावर गाणं म्हणणारी ग्रीटिंग कार्डं असतात ना, त्यातही हाच सेल असतो आणि तो नुसत्या कागदामागे. मुलाला खेळायला देऊ नका.

तिसरं, छोटे शक्तिशाली मॅग्नेट. एकापेक्षा जास्त गिळले तर आतड्याच्या दोन भिंती मध्ये चिमटल्या जातात आणि भोक पडतं. ते ऑफिसच्या टेबलावर ठेवायचे गोळे मुलांच्या घरात नेऊच नयेत. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पण तसेच, पोटात गेल्यावरही फुगतात.

सुईदोरा:
बापरे, कार्डाचं माहीतच नव्हतं. धन्यवाद काटकोन, हे सगळं माझ्या बहिणीला पाठवते.

तीनचाकी:
नवीन बाळाबद्दल लिहिते, कारण त्यात सगळे एकच चूक करतात, सगळेच एकदम नवजात साइझचे कपडे आणतात आणि ते महिन्याभरात होत नाहीत. मोठ्या साइझचे आणा, पण आणताना बोटावर महिने मोजा. बाळ नऊ महिन्यांचं होईल तेव्हा ऋतू कुठला असेल? नाहीतर नऊ महिन्यांच्या मापाचा जाड लोकरी सेट ऐन उन्हाळ्यात अंगाला येतो आणि पुढच्या थंडीपर्यंत आखूड झालेला असतो.

खेळणं द्यायचंच असेल तर अगदी सुरुवातीला बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचंच नीट दिसतं, आणि फिक्या रंगांपेक्षा काळंपांढरं ठळक चित्र जास्त पकडतं. तो गोड फिकट गुलाबी सेट आपल्यासाठी असतो, बाळासाठी नाही. मोठा टेडी आणणाऱ्यांना हात जोडून विनंती, पहिल्या वर्षात झोपण्याच्या जागी मऊ खेळणी ठेवायचीच नसतात, मग तो टेडी कपाटावर बसून राहतो.

आणि वॉकर नको. चाकांचा तो गोल वॉकर. त्याने मूल लवकर चालतं हा गैरसमज आहे, उलट जिन्यावरून पडणं वगैरे अपघात इतके झाले की कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्रीच बंद केली.

बाळाला मोठं भावंड असेल तर गिफ्ट त्याला द्या, बाळाला काय कळतंय. त्या मोठ्याकडे त्या दिवसांत कोणी बघत नसतं.

आजोबा_ऑनलाइन:
सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझे वय झाले असल्याने थोडा वेगळा अनुभव मांडतो. आपण खेळणे विकत घेताना ते किती वर्षे टिकेल आणि घरात आधीच्या खेळण्याला जोडून खेळता येईल का, हे पाहावे. लेगोच्या ठोकळ्याचे पेटंट जानेवारी १९५८ मधले आहे आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात घट्ट बसतो. वर दोन बाय चार उंचवटे असलेले एका रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते एकमेकांना जोडण्याच्या पद्धती ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ होतात, हे गणितज्ञांनी संगणकावर मोजलेले आहे. मी हे नातवाला सांगितले तर तो म्हणाला, आजोबा, मोजणाऱ्याला दुसरं काम नव्हतं का.

मुद्दा असा की मुलाकडे ज्या जातीचे ठोकळे, रेल्वेचे रूळ किंवा बाहुलीघर आहे त्याच जातीची भर घालावी. दुसऱ्या कंपनीचे आणले की जुळत नाही आणि मूल हिरमुसते. नातवंडांच्या आईला विचारावे, तिला सगळे ठाऊक असते.

कडकलक्षुमी:
मला निकालाच्या गिफ्टबद्दल बोलायचंय. इतके टक्के पडले तर सायकल, हे मला अजिबात पटत नाही. यावर १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेला एक प्रयोग आहे, बालवाडीतली मुलं, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना काहीच न सांगता नंतर अचानक तेच सर्टिफिकेट दिलं, काहींना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर बक्षिसाच्या बोलीवर काढणारी मुलं स्केचपेनकडे आता निम्म्यानेच वळत होती. बाकी दोन गटांचं काही बिघडलं नव्हतं. मुलाला जे आवडतं त्यावर आपण बक्षिसाची बोली लावली की त्यातली मजा जाते.

अर्धवट_रिकामा:
कडकलक्षुमी, पण ज्याला अभ्यास मुळातच आवडत नाही त्याचं काय? त्याची कुठली मजा जाणार, ती नव्हतीच. आमचे चिरंजीव सायकलच्या नावाने तरी पुस्तक उघडतात.

कडकलक्षुमी:
:) हो, तो प्रश्न बरोबर आहे. प्रयोग आवडणाऱ्या कामाबद्दलच होता, नावडत्या कामाला हे तसंच्या तसं लागू होत नाही. पण चिरंजीव उद्या सायकल मिळाल्यावर पुस्तक कशाच्या नावाने उघडणार? त्यातला मधला गट बघा ना, ज्यांना न सांगता दिलं त्यांचं काही नुकसान झालं नाही. म्हणजे निकालानंतर अचानक द्या की, खुशाल द्या. फक्त आधी सौदा नको. आणि टक्के बघून तर नकोच, शेजारच्या घरात कमी टक्केवाला पण असतो आणि त्याला सगळं कळत असतं. आम्ही परीक्षा संपली त्या दिवशी देतो, निकालाच्या दिवशी नाही.

सुईदोरा:
परीक्षा संपल्यावरची आयडिया भारी आहे! ढापतेय.

उनाडपाऊस:
आमच्याकडेही तसंच असतं, आणि सुट्टी सुरू होत असते त्यामुळे तेव्हा पत्ते, बोर्ड गेम, उडी मारायची दोरी, बॅडमिंटन असलं काही दिलं की लगेच वापरात येतं. बोर्ड गेम घेताना खोक्यावर किती खेळाडू लागतात ते बघा, एकुलत्या एका मुलाला चार जणांचा गेम दिला तर तो खेळणार कोणाशी?

गच्चीवरचातारा:
अवांतर होईल पण टेलिस्कोपबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मूल म्हणालं मला अंतराळ आवडतं की नातेवाईक उत्साहाने खोक्यावर ५०० पट वगैरे लिहिलेला टेलिस्कोप आणतात. टेलिस्कोप वस्तू किती पट मोठी करून नीट दाखवू शकतो याची मर्यादा साधारणपणे भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट असते, म्हणजे ६० मिमीच्या भिंगाला फार तर १२० पट, तेही हवा स्वच्छ आणि स्थिर असेल तर. पुढचं सगळं नुसतं धुरकट. त्यात स्टँड इतका लटपटत असतो की चंद्र सापडेपर्यंत मूल झोपायला गेलेलं असतं. खोक्यावर मोठा आकडा दिसला की मी तो टेलिस्कोप खाली ठेवतो, हा माझा नियम आहे.

त्याऐवजी दुर्बीण द्या, दोन डोळ्यांची. लहानांना ६×३० किंवा ८×३० सारखी हलकी. पहिला आकडा किती पट, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांची १०×५० मुलाच्या हातात थरथरते, आणि अजून एक गोष्ट कोणी बघत नाही, लहान मुलांचे डोळे जवळजवळ असतात, दुर्बीण तेवढी मिटते का ते दुकानात त्याच्या डोळ्याला लावूनच बघा. चंद्रावरचे खड्डे दिसतात, आणि कोपर भिंतीवर टेकवून हात स्थिर ठेवला तर गुरूच्या बाजूला त्याचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात, जे गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले तेच. दिवसा पक्षी बघता येतात हा बोनस. फक्त सूर्याकडे दुर्बीण कधीही लावायची नाही, हे गिफ्ट देतानाच मुलाला आणि त्याच्या बाबांना दोघांना सांगा, बाबा जास्त उत्साही असतात.

काटकोन:
गच्चीवरचातारा, सविस्तर माहितीबद्दल आभार. गिटारचं पण हेच. नऊ वर्षांच्या मुलीला फुल साइझ स्टीलच्या तारांची गिटार दिली की बोटं दुखतात आणि आठवड्यात ती कोपऱ्यात जाते. छोट्या मापाची नायलॉन तारांची घ्या, नाहीतर सरळ युकुलेले, चारच तारा.

तीनचाकी:
आवाज करणाऱ्या खेळण्यांबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? दुश्मनाच्या घरी द्यायची ती. विनोद बाजूला ठेवला तरी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० ते १६ महिन्यांची बाळं आणि त्यांचे आईबाबा यांचं घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. दिवे लागणारी, बोलणारी खेळणी असताना आईबाबाच कमी बोलत होते, आणि पुस्तक असताना सगळ्यात जास्त. साहजिक आहे ना, खेळणं बोलतंय तर आपण कशाला. सव्वीसच जोड्या होत्या त्यात, लहान अभ्यास आहे, पण माझ्या घरात तरी तंतोतंत खरा.

सुईदोरा:
बरं आता माझा एक खरा प्रॉब्लेम. एका भाचीला इतकं येतं सगळीकडून की तिला कशाचंच काही वाटत नाही. कागद फाडते, बघते, बाजूला टाकते. मग मी अजून काय देऊ?

उनाडपाऊस:
काहीच देऊ नका! किंवा वर्गणी काढा. सगळ्या मावश्या, काका, आत्या मिळून एक वस्तू. आमच्याकडे सायकल अशीच येते. सायकल घेताना मात्र मुलाला बरोबर न्या, पुढच्या दोन वर्षांना पुरेल म्हणून मोठी घेऊ नका, सीटवर बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत नाहीतर भीती बसते. आणि हेल्मेट त्याच दिवशी, त्याच गिफ्टमध्ये. नंतर दिलं की ते शिक्षा वाटतं.

कडकलक्षुमी:
सुईदोरा, टोलेडो विद्यापीठातल्या लोकांनी २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास केला होता, एकदा समोर चार खेळणी आणि एकदा सोळा. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हा भाचीच्या आईला सांगा की निम्मं माळ्यावर टाक आणि महिन्यांनी बाहेर काढ, ते परत नवीन होतं. तुम्ही तिला वस्तू नका देऊ, वेळ द्या. म्हणजे अमुक रविवारी मावशीबरोबर प्राणिसंग्रहालय, कार्डावर तारीख घालून. तारीख घालायचीच, नाहीतर ते कार्ड म्हणजे नुसतं आश्वासन होतं आणि मुलं ते विसरत नाहीत.

अर्धवट_रिकामा:
मोठ्या मुलांचं काय करता? आमच्या पुतण्याला काहीही दिलं की हम्म म्हणतो.

उनाडपाऊस:
त्यांना पैसे. लाज वाटून घेऊ नका, बारातेराच्या पुढे त्यांना स्वतः निवडायचं असतं. हवंतर पैशाबरोबर एक हाताने लिहिलेली चिठ्ठी. हम्म म्हणतात पण चिठ्ठ्या ठेवतात.

काटकोन:
व्हिडिओ गेम देणार असाल तर खोक्यावरचा वयाचा आकडा बघा. युरोपातल्या पेगी पद्धतीत ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतात, ते गेम किती अवघड आहे ते सांगत नाहीत, आत काय आहे, म्हणजे मारामारी, भाषा वगैरे, त्याबद्दल असतात. आणि आधी आईबाबांना फोन. स्क्रीनचे नियम ज्या घरात रोज भांडून बनवलेले असतात तिथे आपण काका म्हणून जाऊन ते मोडू नयेत.

आजोबा_ऑनलाइन:
एक राहिले. कुत्र्याचे पिल्लू, पोपट, कासव असे जिवंत काही भेट म्हणून कृपया देऊ नये. कुत्रा दहाबारा वर्षे सहज जगतो, कासव तर आपल्यानंतरही राहील. तो निर्णय त्या घराचा.

सुईदोरा:
पटलं आजोबा. आणि आजारी मुलासाठी? मैत्रिणीच्या मुलाच्या पायाला प्लॅस्टर आहे, महिनाभर घरीच.

तीनचाकी:
पलंगावर मांडीवरच्या ट्रेमध्ये मावेल असं बघा. सुटे तुकडे खाली पडले की त्याला उचलता येत नाहीत आणि मग दर पाच मिनिटांनी आईला हाक, त्यामुळे हजार तुकड्यांचं पझल नको. स्टिकरचं पुस्तक, मागे चुंबक असलेला बोर्ड गेम, चक्रव्यूहाची पुस्तकं, ऐकायच्या गोष्टी. आणि एकदम सगळं देऊ नका, चारपाच छोट्या पुड्या करून आईकडे द्या, ज्या दिवशी फार रडारड होईल त्या दिवशी एक. हॉस्पिटलमध्ये असेल तर मात्र काय चालतं ते आधी वॉर्डात विचारा.

सुईदोरा:
हे करतेच. आणि ज्याचा वाढदिवस नेमका सणाच्या आठवड्यात येतो त्याला दोन्हीचं मिळून एक मोठं चालेल का?

कडकलक्षुमी:
अजिबात नाही. माझा वाढदिवस तसाच आहे. दोन छोटी द्या, वेगळ्या कागदात, वेगळ्या दिवशी. आयुष्यभर दोन्हीचं मिळून ऐकलंय मी.

घाईघाई:
धागा पूर्ण वाचला नाही, सॉरी. उद्या चार वर्षांच्या मुलाचा वाढदिवस आहे, आई कोण ते माहीत नाही, ऑफिसमधल्या सरांचा मुलगा आहे. दुकान अर्ध्या तासात बंद होईल. पटकन सांगा.

उनाडपाऊस:
जाड खडू आणि मोठ्या कागदाचा गुंडाळा. खडू धुतले की निघणारे घ्या, खोक्यावर लिहिलेलं असतं. सरांच्या घराच्या भिंती आहेत.

काटकोन:
आणि बिल ठेवा, बदलून मिळतं.

घाईघाई:
मिळाले. जाडच आहेत, धुतल्यावर निघतात असं लिहिलंय. गुंडाळायचा कागद संपलाय म्हणे दुकानात.

अर्धवट_रिकामा:
त्या चित्रांच्या कागदाच्याच गुंडाळ्यातला थोडा कापून गुंडाळा. यातला मी तज्ज्ञ आहे.